आवडता बँड पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकायला जाताना: पुण्यातल्या नवख्यांसाठी

माझी भाची बार्शीहून पुण्याला शिकायला आली आणि तिसऱ्याच महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, माझा बँड पुण्यात येतोय! तिकीट कसं काढायचं, उभं कुठे राहायचं, बरोबर काय न्यायचं, मला काहीच माहीत नाही गं." नववीपासून ती त्या चौघांची गाणी ऐकत होती, पण मोबाइलवर आणि एका कानात एक असा इअरफोन मैत्रिणीबरोबर वाटून. मोठ्या स्टेजसमोर ती कधी उभी राहिलीच नव्हती. त्या रात्री तिला जे सांगितलं ते, आणि तिच्याबरोबर गेल्यावर सांगायचं राहून गेलं असं ज्याच्याबद्दल वाटलं तेही, इथे लिहिते आहे.

जायचं ठरवा, आणि याच वेळी

तिकिटाच्या आधी हे. २००१ साली मी कर्वे रस्त्याजवळच्या एका होस्टेलवर राहत होते. खोलीतल्या मुलीने 'इंडियन ओशन'ची कॅसेट लावली आणि मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा बँड. गिटारच्या शेजारी तबला, नर्मदेच्या काठचं लोकगीत, आणि त्याच कॅसेटवर केरळच्या ख्रिस्ती परंपरेतली ॲरामेइक भाषेतली जुनी प्रार्थना. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. तो आवाज मला समोर बसून ऐकायचा होता. पुढच्या काही वर्षांत दोनदा संधी आली. एकदा परीक्षा होती, एकदा नवी नोकरी, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेले.

मी त्या बँडला प्रत्यक्ष ऐकलं ते त्यानंतर. हिमांशू जोशी गात होते, तुहिन चक्रवर्ती तबल्यावर होते, आणि राहुल राम यांची बास गिटार छातीत वाजत होती. कार्यक्रम सुंदर झाला. तरीही ओळखीचं गाणं सुरू झालं की कान तो जुना आवाज शोधायचे. म्हणून भाचीला पहिलं वाक्य हेच सांगितलं: सबमिशन आहे, पैसे जपून वापरायचेत, बरोबर कोणी नाही, यातलं काहीही असलं तरी आधी जमतंय का ते नीट बघ आणि मगच नाही म्हण. बँड फुटतात, गायक बदलतात, आवाज जातात.

तिकीट

बँडच्या स्वतःच्या अधिकृत पानावर तिकीट विक्रीची लिंक असते. तिथूनच जा, शोधून सापडलेल्या तिसऱ्याच पानावरून नको. विक्री सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ॲपवर खातं उघडून ठेवा, लॉगिन करून बघा, यूपीआय चालतंय ना ते तपासा. मोठ्या कार्यक्रमाला ऑनलाइन रांग लागते आणि तुमचा नंबर आल्यावर पैसे भरायला काही मिनिटंच मिळतात. त्या मिनिटांत पासवर्ड आठवत बसलात तर तिकीट गेलं. दाखवलेल्या किमतीवर जीएसटी आणि सुविधा शुल्क वेगळं लागतं, तेवढे पैसे खात्यात जास्तीचे ठेवा.

तिकिटं संपली की व्हॉट्सॲप ग्रुपवर 'एक एक्स्ट्रा आहे' असे निरोप फिरायला लागतात. त्यातले काही खरे असतात. पण एकाच क्यूआर कोडचा फोटो पाच जणांना विकता येतो, आणि गेटवर जो पहिला स्कॅन होतो तोच आत जातो. ओळखीच्या माणसाचं असेल आणि ॲपमधूनच तुमच्या नावावर पाठवता येत असेल, तरच घ्या. आणि स्वतःचं तिकीट मिळालं म्हणून आनंदाने त्याचा फोटो स्टेटसला टाकू नका. टाकायचाच असेल तर कोड झाकून टाका.

स्टेजला लागून असलेला महागडा भाग घ्यावा का? पहिल्यांदा जात असाल तर माझं मत नाही असं आहे. कारण पुढे सांगते.

जागा कोणती, त्यावर सगळं ठरतं

बालगंधर्व रंगमंदिर, स्वारगेटचा गणेश कला क्रीडा मंच अशा सभागृहात कार्यक्रम असेल तर तयारी फारशी लागत नाही. खुर्चीला नंबर असतो, डोक्यावर छत असतं. बालगंधर्वला जायला मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्टेशन सोयीचं. फक्त सभागृहात मध्येच उठून उभं राहिलं की मागच्या दहा जणांना काही दिसत नाही. बँड स्वतः 'उठा' म्हणेपर्यंत बसून ऐका.

मोकळ्या मैदानाची गोष्ट निराळी. पुण्यात असे कार्यक्रम बहुतेक पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतात. कर्वेनगरचं राजाराम पुलाजवळचं महालक्ष्मी लॉन्स बऱ्याच जणांना माहीत असतं. परदेशी बँड ऐकायला मुंबईलाच जावं लागतं असं नवख्यांना वाटतं. अगदीच तसं नाही. 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा महोत्सव २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला. त्यात ब्रिटनचा गायक-गिटारवादक स्टीव्हन विल्सन २०१६ मध्ये आणि स्वीडनचा 'ओपेथ' २०१९ मध्ये वाजवून गेला. पण स्टेडियम भरणारे बँड मात्र मुंबई-नवी मुंबईला जातात. जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले'चे कार्यक्रम नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, तेव्हा पुण्यातून कितीतरी जण गेले. तसं जाणार असाल तर परतीची सोय तिकिटाच्याच दिवशी करून टाका.

मोकळ्या जागेबद्दल एक नियम पक्का लक्षात ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. बंदिस्त सभागृहाला ही अट नाही. याचा आपल्यासाठी अर्थ असा की मैदानावरचा मुख्य बँड साडेनऊला सुरू होईल असं समजू नका. दहाला आवाज बंद करायचा असतो, त्यामुळे तो आठ-साडेआठलाच स्टेजवर येतो. शुक्रवारी ऑफिस संपवून हिंजवडीहून निघणाऱ्यांचा अर्धा कार्यक्रम वाकड आणि विद्यापीठ चौकातच जातो. त्या दिवशी अर्धी रजा टाका. मी दरवेळी टाकते.

आठवडाभर आधी

कार्यक्रमात काय वाजणार याची यादी आधीच शोधून पाहायची का? बरेच जण पाहतात. मला ते आवडत नाही, कारण पहिल्या स्वरावर 'हेच ते!' म्हणून जो काटा येतो तो एकदाच येतो. त्याऐवजी बँडची जुनी प्रत्यक्ष कार्यक्रमांची रेकॉर्डिंग ऐका. स्टुडिओत चार मिनिटांचं असलेलं गाणं स्टेजवर अकरा मिनिटांचं होतं, मध्ये ड्रम आणि बासचं लांब बोलणं चालतं, कडवं दुसऱ्याच लयीत येतं. याची ओळख नसेल तर नवखा माणूस 'रेकॉर्डसारखं नाही वाजवलं' म्हणून हिरमुसतो. रेकॉर्डसारखं वाजायला हवं असेल तर रेकॉर्ड आहेच की घरी. तुम्ही जाता ते त्या संध्याकाळी ते चौघं काय करतात हे ऐकायला.

सुरुवातीला जो छोटा बँड वाजवणार असेल त्याचीही दोन-तीन गाणी ऐकून ठेवा. समोर जेमतेम पन्नास माणसं असताना ती मुलं जीव तोडून वाजवत असतात. मला माझे दोन आवडते बँड असेच, दुसऱ्या कोणासाठी लवकर गेल्यामुळे मिळाले.

त्या दिवशी

दुपारी नीट जेवा. आत खायला मिळतं, पण महाग आणि रांगेत. पाणी सकाळपासून पीत राहा, कारण बाहेरची बाटली बऱ्याचदा गेटवर काढून घेतात. पायात बंद बूट. चपलेवर कोणाचा तरी पाय पडतोच. डिसेंबरात पुण्याचा पारा रात्री झपाट्याने उतरतो, म्हणून संध्याकाळी नको वाटला तरी एक पातळ स्वेटर कमरेला बांधा. बॅग लहानात लहान. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि वयाची अट आहे का ते तिकिटावर वाचा.

तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. हजारो फोन एका मैदानावर आले की नेटवर्क बसतं आणि ॲप उघडतच नाही. ॲपमधला कोड दर थोड्या वेळाने बदलणारा असेल तर स्क्रीनशॉट चालत नाही. तसं असेल तर गेटच्या बरंच आधी, रेंज असतानाच तिकीट उघडून ठेवा. मैत्रिणी चुकल्या तर कुठे भेटायचं तेही आधीच ठरवा: 'अमुक स्टॉलच्या डाव्या बाजूला', असं नेमकं. 'फोन करू' हे ठरवणं नव्हे.

दुचाकीवर जाणाऱ्यांचा खास पुणेरी प्रश्न म्हणजे हेल्मेट. आत बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, आणि ठेवायला जागा असेलच असं नाही. गाडीला अडकवून कुलूप लावता येईल अशी तार बरोबर ठेवा. आणि गाडी जिथे लावली त्या खांबाचा किंवा पाटीचा फोटो काढा. रात्री दहाला अंधारात दोन हजार गाड्यांत आपली काळी गाडी शोधणं फार जिवावर येतं. शक्य असेल तर मेट्रोच बरी. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्टेशनवर बदलता येतात. महालक्ष्मी लॉन्सला जायचं असेल तर नळ स्टॉपला उतरून पुढे रिक्षा.

मनगटावर पट्टी बांधतात ती आत असेपर्यंत काढायची नाही. तुटली तर लगेच गेटवर दाखवा.

उभं कुठे राहायचं

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाचीला स्टेजसमोरच्या कठड्याला चिकटून उभं राहायचं होतं. गायकाचा चेहरा दिसतो, हे खरं. पण तिथे आवाज सगळ्यात वाईट असू शकतो. मोठे स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. अगदी पुढे उभं राहिलं की ते डोक्यावरून जातात. कानावर येतो तो स्टेजवरच्या ड्रमचा आणि ॲम्प्लिफायरचा थेट आवाज, आणि खाली ठेवलेल्या बासच्या पेट्यांचा धक्का. शब्द हरवतात.

मैदानाच्या मध्यावर, गर्दीच्या जरा मागच्या अंगाला, एक छोटा मांडव दिसेल. त्यात दिवे लागलेलं लांबलचक मिक्सर, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज कमी-जास्त करायचं यंत्र, आणि त्यामागे एक-दोन गंभीर चेहऱ्याची माणसं. तोच साउंडचा मांडव. ते जे ऐकतात त्यावरून सगळ्यांचा आवाज लावतात. म्हणून त्या मांडवाच्या पुढे चार-पाच हातांवर, मधोमध उभं राहा. गिटार डावीकडून, की-बोर्ड उजवीकडून, गळा मध्यातून असं सगळं आपापल्या जागी ऐकू येतं. महागड्या भागाचं तिकीट नको म्हटलं ते याचसाठी: तो भाग बहुतेक वेळा या मांडवाच्या बराच पुढे असतो.

फार मागे जाऊ नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून ३४ मीटरवर उभं राहिलात तर काठी ड्रमवर पडलेली दिसते आणि आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. शंभर मीटरवर हा फरक डोळ्यांना खुपायला लागतो. मोकळ्या मैदानात वारा असेल तर आवाज मध्येच जाडा, मध्येच पातळ होतो. सभागृहात कोपरे आणि मागची भिंत टाळा; तिथे बास साचतो आणि नुसतं घुमत राहतं.

मी भाचीशी तडजोड केली. पहिली तीन गाणी कठड्यापाशी, मग मागे. चौथ्या गाण्याला आम्ही साउंडच्या मांडवासमोर पोचलो तेव्हा तिने माझा दंड धरला. "मावशी, मागे व्हायोलिन आहे! मला वाटत होतं ते की-बोर्डवर वाजवतात."

कानांचं

यावर मी जरा जास्तच बोलते, कारण यात गेलेलं परत येत नाही. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढणं ही तज्ज्ञांनी सुचवलेली सुरक्षिततेची मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. कार्यक्रमात १०० सहज गाठले जातात, आणि कार्यक्रम दोन तासांचा असतो.

उपाय स्वस्त आहे. औषधांच्या दुकानात फोमचे इअरप्लग थोडक्यात मिळतात. ते बोटांत पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते टोकाशी अडकवले तर उपयोग नाही. कापसाचे बोळे तर बिनकामाचेच. फोमची अडचण एवढीच की ते बारीक, चमकदार आवाज जास्त खातात आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठी वेगळे प्लग मिळतात. ते सगळे स्वर जवळपास सारखेच कमी करतात, त्यामुळे गाणं तेच राहतं, फक्त आवाज कमी होतो. वर्षातून तीन-चार कार्यक्रम ऐकणार असाल तर ते घ्याच. लहान मूल बरोबर असेल तर त्याला कानांवर बसणारे मोठे मफ घाला. ते नसतील तर मूल नेऊ नका.

मध्ये दोन गाणी मागे, स्पीकरपासून लांब जाऊन बसा. पाणी प्या. कानांना विसावा लागतो. रात्री घरी आल्यावर कानात शीं आवाज येत असेल तर तो सहसा सकाळपर्यंत जातो. दोन दिवसांनंतरही राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी जा.

फोन आणि शेजारी

एक गाणं ठरवा. तेवढं रेकॉर्ड करा, मग फोन खिशात. मोबाइलचा माइक त्या आवाजाला फाटतो आणि तो व्हिडिओ तुम्ही फार तर दोनदा बघता. मुख्य म्हणजे हात वर धरून तुम्ही ज्यांचा रस्ता अडवता ती मागची मुलगीही कदाचित नऊ वर्षं वाट बघून आलेली असते.

पुण्याला ऐकण्याची फार चांगली सवय आहे. १९५३ पासून इथे सवाई गंधर्व महोत्सव चालू आहे, आणि सतरंजी अंथरून, शाल पांघरून रात्र-रात्र ऐकणारे आजी-आजोबा इथेच तयार झाले. बँडच्या कार्यक्रमालाही ती सवय न्यावी असं मला मनापासून वाटतं. जोरकस गाण्यात नाचा, ओरडा, गळा फाटेपर्यंत गा. पण गायक एकटा, वाद्यांशिवाय आलाप घेत असेल तेव्हा गप्पा थांबवा. चार हजार माणसं एकदम शांत होतात ना, ते ऐकण्यासारखं असतं.

गर्दी अंगावर येत असेल तर सरळ मागे ढकलत जायला बघू नका. तिरकं, बाजूच्या कडेकडे सरका. कोणी पडलं तर आधी उभं करा. कोणी मुद्दाम अंगचटीला येत असेल तर सहन करू नका. मोठ्याने बोला, जवळच्या सुरक्षारक्षकाला किंवा स्वयंसेवकाला सांगा, गरज पडली तर ११२ लावा. मुलींनो, एकट्या जायला घाबरू नका. माझे कितीतरी कार्यक्रम मी एकटीनेच ऐकले आहेत.

परत येताना

शेवटच्या गाण्यानंतर सगळे एकदम गेटकडे धावतात. तुम्ही वीस मिनिटं तिथेच थांबा. वादक कधी कधी स्टेजच्या कडेला येतात, बँडचा स्टॉल असतो. तिथून टी-शर्ट किंवा सीडी घेतली तर ते पैसे बऱ्याच अंशी त्यांच्याकडेच जातात, म्हणून मी काहीतरी घेतेच. ॲपवर रिक्षा गेटसमोर मिळणार नाही. पुढच्या मोठ्या चौकापर्यंत चालत जा आणि तिथून बोलवा. मेट्रोने जाणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ दुपारीच बघून ठेवलेली असू द्या.

आम्ही दोघी त्या रात्री म्हात्रे पुलापर्यंत चालत आलो. नदीवरून गार वारा येत होता. भाचीचा आवाज पार बसला होता, त्यामुळे ती खुणांनीच बोलत होती. नळ स्टॉपला गरम पोहे मिळाले. दोन घास खाल्ल्यावर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मावशी, त्या तिसऱ्या गाण्यात ते थांबले होते ना मध्येच, तेव्हा मला माझाच श्वास ऐकू आला." मग बॅगेतून इअरप्लगची डबी काढून, पुसून, नीट बंद करून तिने ती माझ्या हातात दिली. मी ती तिलाच परत दिली. फेब्रुवारीत तिला दुसरा एक कार्यक्रम ऐकायला जायचंय.